बारावा नियम

१

मंगळवारी सकाळी शहराच्या मैलापाणी केंद्रात सगळे कामकरी मेलेले सापडले. आकडा कोणी मोजला नाही, कारण तो मोजता येण्यासारखा नव्हताच. हवा फुंकून खेळवलेल्या मोठ्या टाकीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव ते. अख्ख्या शहराची घाण बिनबोभाट खाऊन पाणी निवळ करून देत होते, ना सुट्टी, ना बढती. एका दुपारीत त्यांचा निकाल लागला होता.

"काहीच हलत नाही हो," भिंगवाले म्हणाले. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्या या गृहस्थांना सगळे भिंगवालेच म्हणत. त्यांचा आवाज घरातलं माणूस गेल्यासारखा झाला होता. "बाई, तुम्हीच बघा."

बाईंनी भिंगातून पाहिलं. एरवी जत्रेसारखी गजबज असायची, तिथे आज नुसता राखाडी चिखल होता.

या बाई म्हणजे सांडपाण्याच्या तपासनीस. एकोणीस वर्षं त्यांनी शहरातली झाकणं उचलली आणि आतलं हुंगून सांगितलं, हे तेल, हे रंगाचं पाणी, हा कोणीतरी रॉकेल ओतल्याचा वास. त्यांना शहरभर 'नाकवाल्या बाई' म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

केंद्रप्रमुख साहेब भिंतीवरच्या कागदासमोर उभे होते. त्या कागदावर दोन पेनं दिवसरात्र रेघा ओढत. आम्ल-अल्कलीची रेघ सरळ होती, किंचित वर सरकलेली, एवढंच. प्राणवायूची रेघ मात्र सोमवारी दुपारी तीनपासून चढत चढत पार वर जाऊन टेकली होती.

"प्राणवायू वाढला म्हणजे चांगलंच ना?" साहेबांनी विचारलं. ते हिशेबखात्यातून बदलून आलेले, त्यांचा तरी काय दोष?

"खाणारे-पिणारे जिवंत असले की तो संपत राहतो, साहेब," भिंगवाले म्हणाले. "घेणारंच कोणी उरलं नाही, म्हणून वाढला. आणि आमचे पाळीवरचे महाशय बघा." त्यांनी नोंदवही पुढे केली. सोमवार, दुपारी चार, टपोऱ्या अक्षरात: 'प्राणवायू उत्तम.'

त्याही परिस्थितीत बाईंना हसू आलं.

साहेबांना आलं नाही. ओढ्यात अर्धवट निवळलेलं पाणी चाललं होतं आणि वरून फोनवर फोन येत होते. "कारखान्यांच्या गल्लीतलं पाणी इथे पोचायला तास लागतो, बरोबर? म्हणजे तिथून दोनच्या सुमाराला काहीतरी सुटलं. बाकी सगळी लाइन घरांची आहे. आणि त्या गल्लीत मुलामावाला आहे. गेल्या वर्षी त्याला तुम्हीच नोटीस दिली होती."

"दिली होती. टाकी फुटून निकेलचं पाणी गटारात गेलं होतं."

"मग आता दुसरा गुन्हा. जोडणी कायमची बंद." साहेबांनी छापील आदेश पुढे सरकवला. मुलाम्याच्या दुकानाचं नाव आधीच भरलेलं होतं, सहीची जागा रिकामी होती. "पाचपर्यंत सही करून आणा."

"तपास व्हायच्या आधीच?"

"पाचपर्यंत दुसरं नाव आणलंत तर ते लिहू. पण कुणाचं तरी नाव हवं."

बाईंनी आदेश पिशवीत टाकला. शेजारी सील करायची तार आणि शिशाचे गोळे होते. एकोणीस वर्षांत ती पिशवी त्यांना कधी इतकी जड वाटली नव्हती.

२

कारखान्यांची गल्ली म्हणजे नावच मोठं. वरच्या टोकाला मुलाम्याचं दुकान, मधे लॉन्ड्री, खालच्या कोपऱ्यावर बेकरी. तिघांचं सांडपाणी कोपऱ्यावरच्या एकाच चेंबरात उतरून पुढे जाई.

चेंबरच्या बाजूच्या भिंतीवर पत्रक डकवलेलं होतं. 'सार्वजनिक गटारात काय सोडू नये', खाली बारीक छपाईत बारा नियम. कढत पाणी नको, आम्ल नको, तेल-चरबी नको, पेट घेणारं काही नको, चिंध्या नकोत. गेल्या महिन्यात बाईंनीच ही पत्रकं गल्लीत वाटली होती. पण छापील मजकूर कोणी वाचत नाही हा त्यांचा जुना अनुभव. म्हणून प्रत्येक पत्रकाच्या तळाशी त्यांनी जाड लाल पेनाने स्वतःच्या हाताने ठसठशीत लिहिलं होतं: 'मंगळवारी तपासणी. वास आला तर गाठ माझ्याशी आहे!' अक्षरं इतकी ठसठशीत, की शेवटच्या एक-दोन ओळींवर चढली होती. बाई आपल्या अक्षराकडे क्षणभर कौतुकाने पाहत राहिल्या आणि मग झाकणाकडे वळल्या.

लोखंडी आकड्याने झाकण उचललं. आतल्या भिंतींवर नेहमी बोटभर बुळबुळीत थर असायचा. आज विटा धुतल्यासारख्या दिसत होत्या. एक झुरळसुद्धा नव्हतं. बाईंनी वाकून हुंगलं, पण नळाच्या पाण्याखेरीज कसला वास नव्हता.

पाण्याची पातळी कळावी म्हणून शुक्रवारी त्यांनी आतल्या पायरीला सुती दोरी बांधली होती. चांगली लालभडक. आता ती दोरी वरच्या गाठीपाशी तेवढी लाल होती, खाली पाण्यात बुडलेला भाग मळकट पांढरा झाला होता. बाईंनी ती सोडवली, कागदात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

रंग उडाला होता. रंग कशाने उडतो हे घरात पांढरे कपडे धुणाऱ्या कोणालाही सांगायला नको. बाईंची नजर आपसूक लॉन्ड्रीच्या पाटीकडे गेली.

३

पण कोपऱ्यावर आधी बेकरी लागत होती, आणि आजची तपासणी ठरलेली होतीच.

"या बाई, या!" बेकरीशेठ दारातच उभे होते. गोलमटोल माणूस, घाबरट स्वभावाचा. सरकारी शिक्का पाहिला तरी त्यांना घाम फुटे. आजही रुमाल हातातच होता. "सकाळपासून वाट पाहतोय तुमची."

"गेल्या महिन्यात पाहत नव्हतात," बाई म्हणाल्या.

गेल्या महिन्यात मागच्या अंगणातल्या टाकीचं झाकण उघडताच दोघांनाही मागे सरकावं लागलं होतं. बेकरीचं तेल-लोणी वर तरंगून अडावं, गटारात जाऊ नये, यासाठी ती टाकी असते. अडलेली चरबी कुजते आणि वास मारते. तेव्हा बाईंनी नाकाला पदर लावून शेठना चांगलंच फैलावर घेतलं होतं.

शेठनी आज झाकण स्वतः उचललं. पाण्यावर चरबीचे पांढरेशुभ्र गोळे तरंगत होते. बाई वाकल्या, हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"कसलाच वास नाही!"

"नाही ना?" शेठनी इतका मोठा श्वास सोडला की जणू सकाळपासून धरून ठेवला होता. "माझा जीव नुसता टांगणीला लागला होता बाई."

"शाबास. शिस्त म्हणतात ती ही." बाईंनी बेकरीच्या तपासणी वहीत शेरा लिहिला, 'टाकीची स्थिती उत्तम', आणि सही ठोकली.

शेठच्या निळ्या पँटवर पांढरे ठिपके पडले होते. बाईंची नजर गेलेली पाहून ते ओशाळले. "पीठ हो, दुसरं काय. आमचा जन्म पिठात." त्यांनी मांडीवर चापट्या मारल्या. थोडं पीठ उडालं. ठिपके काही कमी झाले नाहीत, पण शेठनी तेवढ्यात गरम बिस्किटांची बशी पुढे केली. बाईंनी ती नम्रपणे परत सारली. तपासणीच्या दिवशी त्या कुणाकडचं पाणीसुद्धा घेत नसत.

"काल दुपारी दोनला वरून काही सुटलेलं दिसलं का तुम्हाला?"

शेठनी वर मुलाम्याच्या दुकानाकडे पाहिलं, मग खाली. "मी कशाला कुणाचं नाव घेऊ? मी आपला भट्टीपाशी होतो."

४

लॉन्ड्रीवाल्या काकू बाईंच्या जुन्या ओळखीच्या. कमरेवर हात ठेवून त्या चादरींच्या ढिगासमोर उभ्या होत्या आणि ढीग त्यांच्या खांद्यापर्यंत आला होता.

"आलीस का? बस. आधी हे बघ आणि सांग, या चादरी पांढऱ्या म्हणायच्या का?"

चादरी हळदीच्या हाताने पुसल्यासारख्या पिवळट होत्या.

"काकू, काल दुपारी ब्लीच किती सोडलंत गटारात?"

"ब्लीच?" काकू उसळल्याच. "अगं, ब्लीच असतं तर या अशा पडल्या असत्या? काल सकाळी दुकानात गेले तर म्हणे एक कॅन शिल्लक नाही. कोणीतरी येऊन झाडून सगळे उचलले! वीस-पंचवीस मोठे कॅन! एवढ्याचं कोणी काय करतं, मला सांग. हॉटेलवाला दारात येऊन बोलून गेला मला. माझ्या उभ्या आयुष्यात कोणी असं बोललं नव्हतं."

"कोणी उचलले ते दुकानदार काय म्हणाला?"

"मी रागाच्या भरात तशीच परतले. आज मंगळवार, त्याचं दुकान बंद. फोनही उचलत नाही मेला."

बाईंनी मागच्या न्हाणीत जाऊन पाहिलं. ब्लीचचे कॅन रिकामे, तळ कोरडे ठणठणीत. काकूंच्या बोलण्यात खोट नव्हती.

निघताना काकूंनी हात धरला. "त्या मुलामावाल्याच्या पोरीचं दुकान बंद करणार म्हणतात, खरं का गं? बापानं घालवलेली इज्जत वर्षभर राबून परत आणली तिनं. जरा सांभाळून."

"मी काय करणार काकू? मला नाव हवंय."

५

मुलाम्याच्या दुकानात पाच टाक्या ओळीने होत्या. हिरवीगार निकेलची सगळ्यात मोठी. सायकलची हँडलं, नळ, दाराच्या कड्या तारेला टांगून त्यात बुडत आणि चकचकीत होऊन वर येत. मुलगी कोपरापर्यंत हातमोजे घालून काम करत होती. दाराजवळ स्टुलावर तिचे वडील. गेल्या वर्षीच्या नोटिशीनंतर मुलीने दुकान आपल्या नावावर घेतलं होतं आणि बापाला टाक्यांना हात लावायची बंदी केली होती. तेव्हापासून ते स्टूल आणि ते.

"मॅडम, आमचं पाणी टाकीत साठतं, निवळून टँकरनं जातं. पावत्या दाखवते." मुलीचा आवाज स्थिर होता, हातमोजे मात्र काढता काढता अडकले. "आमच्याकडून एक थेंब गेलेला नाही. जोडणी तोडलीत तर साधं हात धुतलेलं पाणीही सोडता येणार नाही. दुकान बंदच होईल."

"काल दुपारी दोनला दुकानात कोण होतं?"

मुलीने वडिलांकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. तेवढ्याने म्हातारे उठले.

"मीच ओतलं."

"बाबा!"

"तू जेवायला घरी गेली होतीस. मी निकेलची जुनी टाकी उपसून गटारात ओतली. लिहा बाई. माझं नाव लिहा, हिचा काही संबंध नाही."

मुलीच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसत नव्हतं. सकाळपासून ज्याची भीती होती तेच झालं, असा तो चेहरा होता. बाईंनी आदेशाचा कागद बाहेर काढला. म्हाताऱ्यांनी कबुली म्हणून सही करण्यासाठी हात पुढे केला.

"थांबा," बाई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी लाल दोरीचं नवं रीळ काढलं, हातभर तुकडा तोडला आणि निकेलच्या टाकीत सोडला. मग दुसरा तुकडा आम्लाच्या टाकीत. असे पाच तुकडे. घड्याळ लावून पंधरा मिनिटं त्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी एकेक तुकडा बाहेर काढला. पाचही तुकडे लालच होते. त्यांच्याशेजारी बाईंनी चेंबरातली पांढरी दोरी धरली.

"आजोबा, तुमच्या दुकानातल्या कशानेच हा रंग उडत नाही. खोटं कशाला बोललात?"

म्हातारे पुन्हा स्टुलावर बसले. "मला वाटलं, हिच्याच हातून काही झालं असेल. दमते हो फार. एकटी आहे."

"आणि मला वाटलं, तुम्ही," मुलगी म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. "म्हणून मी सकाळपासून तुमच्याशी बोलले नाही बाबा."

बाई बाहेर आल्या तेव्हा पावणेचार वाजले होते. मुलामावाली निर्दोष होती, लॉन्ड्री निर्दोष होती, आणि नाव त्यांच्याकडे एकही नव्हतं.

६

"दोरी?" साहेब म्हणाले. "मी वर काय सांगू, दोरी म्हणते मुलामावाली निर्दोष आहे? बाई, पाच वाजायला पाऊण तास आहे. दुसरं नाव नाही, तर आहे त्यावर सही करा."

बाई भिंगवाल्यांच्या टेबलाशी बसल्या. पेन हातात घेतलं. समोर ती नोंदवही तशीच उघडी होती. 'प्राणवायू उत्तम.' बिचारा पाळीवाला. टाकीत मढी पडलेली आणि हा शाबासकी लिहितोय! वाढलेला आकडा पाहून खूश झाला. तिथे आत कोणी जिवंत उरलेलं नाही, म्हणून आकडा चांगला दिसतोय, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

बाईंचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

आज सकाळी हाच शब्द आणखी कुणीतरी लिहिला होता. टपोऱ्या अक्षरात, सहीसकट.

चरबीची टाकी होती ती. चरबी आत होती, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. चरबी असेल तर ती कुजणार, कारण तिच्यातही हेच जीव राहतात. कुजणार तर वास येणार. टाकी उपसली असती तर वास नसता, पण मग चरबीही नसती. आणि ते गोळे पांढरेशुभ्र होते. महिनाभराची चरबी कधी पांढरीशुभ्र असते का? शेठच्या पँटवरचं पीठ झटकलं तरी गेलं नाही, कारण ते पीठ नव्हतंच. निळा रंग उडाला होता, लाल दोरीचा उडाला तसाच.

एकोणीस वर्षं या नाकावर बाई तोऱ्यात वावरल्या होत्या. आणि ज्या टाकीला काहीच वास नव्हता, तिच्यावर त्याच नाकाने शिक्कामोर्तब केलं होतं.

"साहेब, मी पाचच्या आत येते," असं म्हणून त्या जवळजवळ धावतच निघाल्या.

७

बेकरीशेठनी एकच प्रश्न विचारू दिला. बाई म्हणाल्या, "पंचवीस कॅन?" आणि ते पोत्यावर बसलेच.

"बाई, मी काय गुन्हा केला? गटार घाण करू नका म्हणालात, मी तर ते साफ केलं! सोमवारी दुपारी सगळे कॅन टाकीत उपडे केले, दोन तास नळ सोडून ठेवला. जरासुद्धा वास राहू नये म्हणून. स्वतःच्या हातानं केलं, नोकरांवर विश्वास ठेवला नाही."

"अहो, सगळ्या शहराची घाण खाणारे केंद्रातले जीव मारलेत तुम्ही! सकाळी का नाही बोललात?"

"मला कुठे ठाऊक होतं? तुम्ही वरून काही सुटलं का विचारलंत. मी म्हटलं मुलामावाल्यांचं काहीतरी असेल. आणि तुम्ही तर मला शाबास म्हणालात!"

बाईंना राग आला होता, पण तो ठेवायचा कुठे हे कळेना. "ब्लीच, जंतुनाशक गटारात ओतायचं नाही, हे पत्रकात स्पष्ट छापलंय. बारावा नियम. वाचता येत नाही का?"

शेठ उठले. भिंतीवरचं पत्रक त्यांनी काढून बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी पत्रक उजेडाकडे धरलं. पहिले दहा नियम नीट वाचता येत होते. अकराव्याचे काही शब्द कळत होते. बाराव्या नियमावरून लाल शाईतला 'गाठ माझ्याशी आहे' असा काही दणदणीत गेला होता, की खालचं एकही अक्षर दिसत नव्हतं.

बाईंना लाज वाटली. इतकी, की गालांना ती जाणवत होती.

पाचला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी साहेबांच्या टेबलावर आदेश ठेवला. मधोमध फाडून. शेजारी दोरी, पत्रक आणि एकपानी अहवाल.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "'बेकरीस लेखी ताकीद. मूळ कारण: बारावा नियम वाचता येत नव्हता. जबाबदार...' बाई, इथे तुम्ही स्वतःचं नाव लिहिलंय."

"तुम्हाला नाव हवं होतं ना, साहेब?"

"अहो, तुमची वेतनवाढ अडकेल. बेकरीवाल्याचं लिहा आणि मोकळ्या व्हा."

"त्यानं माझी एक ओळ पाळली, कारण बाकीच्या ओळींपेक्षा त्याला माझीच भीती जास्त होती. ती भीती मीच घातली होती. आणि त्या मुलामावालीचं दुकान मी आज बंद करणार होते. नाव बदलायचं असेल तर सही तुम्ही करा."

साहेबांनी सही केली नाही, पण अहवाल तसाच वर पाठवला.

मेलेल्या टाकीत शेजारच्या शहरातून विरजण आणावं लागलं. तिथल्या केंद्रातला जिवंत गाळ टँकरने आला. चार फेऱ्या झाल्या, आणि चारही वेळा बेकरीशेठ ड्रायव्हरशेजारी बसून गेले. कोणी जा म्हटलं नव्हतं. भिंगवाल्यांनी नवव्या दिवशी आरोळी ठोकली, "हलतंय! बाई, हलतंय!" आणि सगळं केंद्र त्यांच्या टेबलाभोवती गोळा झालं.

गल्लीत नवी पत्रकं लागली. या वेळी बाराही नियम मोठ्या अक्षरात होते आणि तळाशी हाताने लिहिलेलं काहीही नव्हतं. मुलाम्याच्या दुकानात ते पत्रक म्हाताऱ्यांनी स्वतः डकवलं. स्टूल आता दारापासून हलून टाक्यांजवळ आलं होतं. मुलगी हँडलं बुडवताना त्यांना वेळ मोजायला सांगत होती.

पुढच्या तपासणीला बाई बेकरीत गेल्या. मागच्या अंगणात शेठ टाकीच्या झाकणापाशी रडवेला चेहरा करून उभे होते.

"बाई, आठवड्याला उपसतो. देवाशपथ सांगतो. पण थोडासा येतोच हो."

झाकण उघडलं. कुजकट, आंबूस भपकारा थेट तोंडावर आला. शेठनी डोळे मिटून घेतले.

बाई वाकल्या आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला. मग वही मागवली आणि लिहिलं: 'वास येतो. असाच येऊ द्या.'